एका वर्षाच्या ऑनर्ससाठी ऑस्ट्रेलियात यावं का?

दादा म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझं म्हणणं मला कळलं ते असं: मायक्रोबायोलॉजीचं तिसरं वर्ष संपत आलंय, सरासरी 78 टक्के आहे, आणि एजंट म्हणतोय की मेलबर्नला एक वर्षाचं ऑनर्स (पदवीनंतरचं संशोधनाचं चौथं वर्ष) कर, मास्टर्सपेक्षा वर्ष वाचेल, खर्च निम्मा होईल, पुढे वर्क परमिट आहेच. वर्ष वाचतं हे खरं. वर्क परमिटचं मात्र साफ चुकीचं आहे, आणि त्याच्याच भरवशावर बाबा कर्ज काढायला निघालेत, म्हणून आधी तेच घेतो.

शिक्षणानंतर इथे राहून नोकरी करायचा व्हिसा म्हणजे सबक्लास 485. त्याची अट अशी की इथला अभ्यासक्रम किमान 92 आठवड्यांचा हवा आणि तो पुरा करायला प्रत्यक्ष किमान 16 महिने लागलेले हवेत. सुटं ऑनर्स फेब्रुवारीअखेर सुरू होतं आणि नोव्हेंबरात आटोपतं. ते यात बसत नाही. एजंट तुला भारत-ऑस्ट्रेलिया कराराचा दाखला देईल: विज्ञान-तंत्रज्ञानात फर्स्ट क्लास ऑनर्स असलेल्या भारतीयांना तीन वर्षांपर्यंत राहता येतं. ते आहेच. पण 92 आठवड्यांची अट त्यातही सुटलेली नाही, त्यामुळे त्याचा फायदा पदवीही इथेच केलेल्या मुलांना. तुझं घोडं इथेच पेंड खातं.

मग ऑनर्स असतं कशासाठी? पीएचडीसाठी. दिल्ली विद्यापीठाचं तीन वर्षांचं बीएस्सी ऑनर्स डोळ्यांसमोर आणू नकोस. इथे पदवी तीन वर्षांत हातात पडते आणि ज्याला संशोधनात जायचंय तो वेगळं चौथं वर्ष घेतो. थोडे तास वर्गात आणि बाकी सगळा वेळ एका मार्गदर्शकाखाली एका प्रकल्पावर. बऱ्याच विद्यापीठांत 80 च्या वर फर्स्ट क्लास, 75 ते 79 सेकंड क्लास ए. ए असला तरी पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, पण शिष्यवृत्तीच्या चढाओढीत फर्स्ट क्लासवाल्यांपुढे टिकणं कठीण.

मी जिथे काम करतो त्या लॅबमध्ये दरवर्षी ऑनर्सची मुलं येतात. मार्चमध्ये सगळ्यांचे चेहरे टवटवीत. एप्रिलपर्यंत वाचन, प्रकल्पाचा आराखडा, सगळ्या विभागासमोर छोटं सादरीकरण. मग जूनमध्ये कुणाच्या तरी कल्चरमध्ये, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींमध्ये, बुरशी शिरते. फ्लास्कमधलं गुलाबी माध्यम गढूळ होतं, इन्क्युबेटर रिकामा करून पुसायचा, गोठवून ठेवलेल्या नव्या पेशी वितळवून पुन्हा पहिल्यापासून वाढवायच्या. तीन आठवडे पाण्यात. थीसिसची तारीख मात्र ऑक्टोबरातली ती ऑक्टोबरातलीच. इथेच पदवी केलेल्या मुलाला निदान पिपेट कुठे असतात आणि कुणाला विचारायचं हे ठाऊक असतं. तू त्याच महिन्यांत घर शोधत असशील, बँकेत खातं उघडत असशील. स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला 48 तास काम करता येतं, हे कागदावर. ऑनर्समध्ये त्याच्या निम्मे तास जमले तरी खूप.

खर्च निम्मा म्हणजे किती, तेही बघ. मोठ्या विद्यापीठांत विज्ञानाची वर्षाची फी 40,000 ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे. जुलै 2025 पासून व्हिसाच्या अर्जालाच 2,000 डॉलर, आणि राहण्या-खाण्यासाठी 29,710 डॉलर दाखवावे लागतात, विमा वेगळा. एवढं घालून हातात पदवी येणार आणि नोव्हेंबरनंतर नोकरीसाठी राहायची सोय नाही.

आता मी तुझ्या जागी काय करीन. संशोधनाची खरंच ओढ असेल तर चौथं वर्ष तिथेच, भारतात कर. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असलेल्यांना संशोधनासह ऑनर्स घेता येतं. 78 मध्ये तू बसतेस. फक्त तुझ्या कॉलेजात ते खरोखर चालतं का, प्रयोगशाळा आणि वेळ देणारा मार्गदर्शक आहे का, हे सीनियरना गाठून विचार. माहितीपत्रकात सगळंच असतं! चांगला थीसिस आणि दोन दणदणीत शिफारसपत्रं हाती असली, की थेट इथल्या पीएचडीला अर्ज कर. काही विद्यापीठं आधी मास्टर्स मागतील, ते गृहीत धर. पीएचडीची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, वर 2025 च्या दराने वर्षाला किमान 33,511 डॉलर. त्यात चैन नाही, पण बाबांच्या डोक्यावर कर्जही नाही.

आणि नोकरी हाच हेतू असेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तर ऑनर्सचा विषय डोक्यातून काढ आणि दोन वर्षांच्या मास्टर्सचा हिशोब मांड. महाग पडेल, पण 485 ची 92 आठवड्यांची अट त्यात बसते, आणि करारानुसार मास्टर्सनंतर भारतीयांना तीन वर्षांपर्यंत राहता येतं. बाकी अटी आहेतच. दीड वर्षाचा मास्टर्स कुणी गळ्यात मारू लागला तर आठवडे स्वतः मोजून घे.

एवढं वाचूनही ऑनर्सच करायचं ठरलं, तर एजंटला सोड आणि प्राध्यापकांना स्वतः लिही. त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाच आणि त्यात तुला काय खटकलं किंवा पुढे काय करावंसं वाटलं ते चार ओळींत लिही. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारी, शंभर जणांना एकदम गेलेली ईमेल इथे कुणी उघडत नाही. उत्तर आलं, तर मागच्या वर्षीच्या त्यांच्या ऑनर्सच्या मुलांशी बोलता येईल का हे विचार, आणि पुढच्या वर्षी ते स्वतः रजेवर तर नाहीत ना, हेही.