सोशल मीडिया बंद केल्यावर कामात लक्ष खरंच परत लागतं का? किती दिवस लागतात?

लागतं. दिवसांचं पुढे सांगते, आधी दोन डाव्या बाह्यांचं ऐका.

विट्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, 21 वर्षं झाली. 2023 च्या लग्नसराईत एका नवरीचा सेमी पैठणीचा ब्लाऊज आला. कापड जेमतेम, त्यामुळे बाह्या दुमडून न कापता एकेक कापायच्या होत्या. शिवणाऱ्या बाईला सांगायला नको, अशा वेळी पहिली बाही कापली की मापाचा कागद पालथा घालायचा, पुढचा मुंढा (काखेकडची गोलाई) खोल असतो ना. मी घातला नाही. मोबाईल भिंतीला टेकवून समोर ठेवलेला. आधी गळ्यांच्या डिझाइनची रील होती, म्हणजे माझ्या मते मी कामाचंच बघत होते. मग कुणाचं तरी डोहाळजेवण लागलं, मग विहिरीत पोहणारं कुत्रं. कात्री आपली चालूच. बाह्या उचलून समोरासमोर धरल्या तर दोन्ही डाव्या.

अस्सल हातमागाची पैठणी असती तर निभावलं असतं. तिचा काठ दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, एक बाही उलटी करून जोडली असती तरी चाललं असतं. सेमीला मागून धागे लोंबतात. दुपारी दुकान बंद करून सांगली गाठली, तीन दुकानं पालथी घातली, काठाशी जुळणारं सिल्क आणलं, नवीन बाह्या कापल्या आणि जुन्यांचा काठ कापून त्यांना लावला. रात्री दीड वाजला. नवरीच्या आईने बाहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तुमच्या हातचं वाटत नाही." पैसे मात्र पूर्ण दिले. एक रुपया कापला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी हे सांगितलं तर आमचे भाऊजी (धाकटे दीर) म्हणाले, "वहिनी, मोबाईलचा काय दोष? मनावर ताबा पाहिजे." बोलताना स्वतःचा अंगठा पडद्यावर फिरतच होता. त्यांचं दुसरं म्हणणं असं की आजकाल गिऱ्हाईक इन्स्टावरूनच येतं, खातं बंद करशील तर उपाशी मरशील.

मनावर ताबा वगैरे सगळं झूठ आहे. माझं माहेर कडेगाव तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजायला लागला. तो वाजला की घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठपर्यंत. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने पोरांच्या हातात मोबाईल गेला तो परत येईना, म्हणून गावाने हे ठरवलं. ताबा एवढा सोपा असता तर अख्ख्या गावाला भोंगा कशाला लागला असता? पडदा सरकवत राहा, कधी संपतच नाही, ही युक्ती 2006 साली अझा रास्किन नावाच्या माणसाने काढली आणि नंतर त्यालाच पस्तावा झाला, हे मला लेकीने वाचून दाखवलं. आमच्या दोऱ्याच्या रिळालासुद्धा शेवट असतो हो. पिवळा दोरा संपला की उठावं लागतं, तेवढ्यात भाजी करपतेय हे तरी कळतं.

तर दिवस. मी इन्स्टाचं खातं काढायला टाकलं. पहिला आठवडा वाईट. मशीनचा पाय थांबला की हात आपोआप टेबलावर चाचपायचा, आणि मोबाईल तर आत डब्यांच्या मागे. झोपसुद्धा नीट लागली नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा कटोरी ब्लाऊजची चारही कटिंगं सलग झाली आणि बाहेर पाऊस पडून गेला होता ते रस्ता ओला दिसल्यावर कळलं. लग्न होऊन आले तेव्हा मी अशीच काम करायची. तुमचं काम वाचायचं किंवा अभ्यासाचं असेल तर कमी-जास्त लागत असतील दिवस, मी शिवणापुरतं सांगतेय.

गिऱ्हाईक थोडं तुटलं, खोटं कशाला बोलू. कॉलेजच्या मुली कमी झाल्या, त्यांना फोटो हवा असतो. पण त्या नवरीच्या आईने यंदा धाकटीचे चार ब्लाऊज टाकले. हे भाऊजींना मी तीनदा सांगितलंय, ते विषय बदलतात.

व्हॉट्सॲप ठेवलंय, मापं त्यावरच येतात. लाइट गेली की ह्यांच्या मोबाईलवर यूट्यूबही बघते, उगाच साध्वी समजू नका. आणि खातं कायमचं काढायला टाकलं तरी 30 दिवस ते तसंच थांबलेलं असतं, मधे लॉगिन केलं की काढणं रद्द करता येतं. मी 19 व्या दिवशी केलं, फक्त एक गळा बघायला. परत पहिल्यापासून मोजावं लागलं.