इस्तंबूलला केशरोपण करून घ्यायचे असल्यास क्लिनिकबाबत काय खटकायला हवे?

सर्वांत आधी खटकायला हवे ते हे, की शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार याचे सरळ उत्तर मिळत नाही. जाहिरातीत डॉक्टरांचा चेहरा झळकतो आणि टाळूवर छेद घेण्याचे काम मात्र तंत्रज्ञ उरकतात, हे दुखणे तिथे जुने आहे. त्यामुळे डॉक्टरांचे पूर्ण नाव आणि छेद कोण घेणार हे लेखी मागावे. ‘आमची टीम अनुभवी आहे’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवताच, टाळू न तपासता, कोणी एका बैठकीत ५००० ग्राफ्ट (डोक्याच्या मागून मुळासकट काढून टक्कल पडलेल्या जागी लावायचे केसांचे छोटे पुंजके) बसवण्याची हमी देत असेल, तर तेथेच थांबावे. कारण डोक्याच्या मागच्या बाजूचा केसांचा साठा मर्यादित असतो, तेथून मुळासकट काढलेला केस पुन्हा उगवत नाही, आणि अतिरेक झाल्यास ती बाजू कसर लागलेल्या कापडासारखी कायमची विरळ दिसते. मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी करण्याआधी आगाऊ रक्कम मागणाऱ्यांबद्दल वेगळे सांगायला नको.

तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या संस्थेकडे आरोग्य मंत्रालयाचे आरोग्य-पर्यटनाचे अधिकारपत्र असावे लागते. ते मागवून त्यावरील नाव करारावरील आणि पावतीवरील नावाशी जुळते का, हे पाहावे. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यात भरायला सांगितले, तर हॉटेल पंचतारांकित असले तरी नकार द्यावा.