दरफाळणी : दराची नव्हे, दाराची

‘दरफाळणीचा सण’ असा शब्द वाचला, यात कसले दर आणि कुठली फाळणी, असं विचारलंय. बाजारभावाशी याचा संबंध नाही आणि १९४७शी तर नाहीच. हा ‘दर’ म्हणजे आपलं दार.

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे दिवेकर, केहीमकर वगैरे आडनावांचे मराठी ज्यू, योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, या नावाने ओळखत आले. दारं लावून घ्यायचा सण. पांढरे कपडे घालायचे, घरातच राहायचं, उपास करायचा, केल्या पापांची क्षमा मागायची. ‘फाळणी’त मला दुकानाची फळी दिसते, पूर्वी एकेक फळी खाचेत सरकवून दुकान बंद करत, ती. हा आपला माझा तर्क, आग्रह नाही.

गंमत अशी, की योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव ‘नेईला’, आणि त्याचाही अर्थ बंद करणं! दिवस मावळताना स्वर्गाची दारं मिटायला लागतात, त्याआधी क्षमा पदरात पाडून घ्यायची. पण म्हणून दरफाळणी हे नेईलाचं भाषांतर आहे असं लगेच ठोकून देऊ नये. कोकणातल्या या मंडळींची हिब्रू कधीच सुटली होती. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी टिकली होती. शिवाय मराठी नावातलं दार साधं घराचं आहे, कडी-कोयंड्याचं.

दुसरा प्रश्न, याला ‘उपास’ म्हणावं का. म्हणा, पण ‘निर्जळी’ जोडा. नुसता उपास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते. इथे एका संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, जवळजवळ पंचवीस तास, पाण्याचा थेंबही चालत नाही. बेने इस्राएलांच्या जुन्या बोलीत उपासाला ‘रोजा’ म्हणत आणि सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ‘मशीद’. शेजाऱ्यांचे शब्द, सहज घेतलेले.

आणि हो, दरफाळणीच्या दुसऱ्या दिवसालाही नाव आहे : ‘शिळा सण’. संक्रांतीमागून कर येते, तसा. आदल्या दिवशी लावलेली दारं या दिवशी उघडायची, गोरगरिबांना दान द्यायचं आणि सोयऱ्याधायऱ्यांकडे जाऊन यायचं.