काळ्या मातीची ताकद आणि मॉडेलचा फसवा आकडा

चुना मिसळलेल्या मातीची ताकद सांगणाऱ्या मशीन लर्निंग मॉडेलचा आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९८ आला म्हणून लगेच पेढे वाटू नका. आधी डेटा कसा विभागला ते बघा. नागपूरच्या काळ्या मातीत ४ टक्के चुना आणि कोराडीच्या वीज केंद्राची फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळून एकाच मिश्रणाचे ३ नमुने ताकद मोजायला दाबून फोडले, त्यातले दोन ट्रेनिंगमध्ये (मॉडेल शिकतं तो डेटा) आणि तिसरा टेस्टमध्ये (मॉडेल तपासतो तो डेटा) गेला, तर पेपर आधीच फुटलेला असतो. विभागणी ओळींची नाही, मातीची करा. पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत 'ग्रुप के-फोल्ड' आहे, ते एका गटाच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला ठेवतं; गट म्हणून मातीचा स्रोत द्या. आकडा धाडकन खाली येईल, खरा तोच.

डेटाच्या रकान्यांत द्रवता मर्यादा (किती पाण्याला माती वाहू लागते), प्लास्टिसिटी इंडेक्स (किती पाण्याच्या टप्प्यात माती मळता येते), चुन्याचं प्रमाण, कोरडी घनता, पाणी आणि क्युरिंगचे (नमुना मुरत ठेवण्याचे) दिवस तर हवेतच. क्युरिंगचं तापमान मात्र हमखास राहतं. चुन्याची पोझोलॅनिक क्रिया (माती-राखेशी होऊन ताकद देणारी रासायनिक क्रिया) उष्णतेत भराभर होते, थंडीत रेंगाळते. आपल्याकडची मे आणि डिसेंबरमधली लॅब सारखी कशी धरणार?

जुन्या प्रबंधांतून ताकदीचे आकडे उचलताना एकक तपासा: १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९८ किलोपास्कल. नमुना ३८ बाय ७६ मिलिमीटरचा होता की वेगळा, भिजवून फोडला की तसाच, हे लिहिलेलं नसेल तर ती ओळ सरळ वगळा.

रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांची सरासरी काढणारं मॉडेल) २८ दिवसांपर्यंतच्या क्युरिंगवरच शिकलं असेल तर ९० दिवसांनाही २८ दिवसांचंच उत्तर देईल. आणि शंभरेक ओळींवर न्यूरल नेटवर्क कशाला? आधी साधं लिनिअर रिग्रेशन (सरळ रेषेचं समीकरण) लावून बघा, दिवसांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन.