प्रोग्राममधून मराठी मेल पाठवताय? आधी एवढं करा

छान सुरुवात केलीत! सध्या दोनच गोष्टी पक्क्या करा.

१. मजकूर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) ठेवा, हेडरमध्ये म्हणजे मेलच्या वरच्या माहितीच्या ओळींत चारसेट (अक्षरपद्धतीचं नाव) म्हणूनही तेच लिहा. ‘नमस्कार’ऐवजी कचरा दिसला की घोळ बहुधा इथेच असतो. मेलमध्ये हे बाइट साध्या इंग्रजी चिन्हांत लिहायच्या (एन्कोड करायच्या) दोन पद्धती आहेत, कोटेड-प्रिंटेबल आणि बेस६४. मराठीला बेस६४ निवडा: ‘क’चे ३ बाइट कोटेड-प्रिंटेबलमध्ये ९ चिन्हं होतात, बेस६४ मध्ये ४.

२. विषयाची ओळ वेगळी एन्कोड करावी लागते. नवीन मंडळी हमखास हेच विसरतात. तिचे तुकडे हाताने पाडू नका. एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा असते आणि अक्षराचे बाइट मधेच तुटले तर चौकोन दिसतात. ते काम पायथॉन भाषेतल्या ईमेलमेसेज (EmailMessage) या तयार क्लासवर सोपवा.

आणि हो, बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे. त्यात पासवर्ड पाठवू नका.