देवाशी नात्याचं ‘नूतनीकरण’ होतं का?

नागपूरच्या सदर भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीतून प्रश्न आला आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तीन संध्याकाळच्या सभा ठरल्या आहेत आणि पत्रक छापायला द्यायचं आहे. तरुण संघानं त्यावर मथळा सुचवला, ‘देवाबरोबरच्या नात्याचे नूतनीकरण’. ज्येष्ठ सभासदांना तो खटकला, पण का खटकला हे कुणाला नीट सांगता येईना. मराठीत असं म्हणतात का, नसतील तर काय म्हणतात, अशी विचारणा आहे.

व्याकरणाच्या दृष्टीनं मथळ्यात चूक काही नाही. खटकतं ते शब्दाच्या संगतीमुळे. नूतनीकरण आपण कशाचं करतो? वाहन परवान्याचं, विमा पॉलिसीचं, भाडेकराराचं, ग्रंथालयाच्या सभासदत्वाचं. या सगळ्यांना मुदत असते. ती संपली की अर्ज करायचा, पैसे भरायचे, पुढची तारीख घालून घ्यायची. हा शब्द नात्याला लावला की दोन गोष्टी न बोलता आत शिरतात: एक, नातं एका तारखेला रद्द झालं होतं, दोन, ते चालू करून घेणं आपल्या हातचं काम आहे. ख्रिस्ती शिकवण या दोन्ही गोष्टी मान्य करत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, बापाकडून वाटणी घेऊन परदेशी गेलेला धाकटा मुलगा आठवा. डुकरांच्या शेंगांवरसुद्धा पोट भरायची वेळ आली तेव्हा तो ‘शुद्धीवर’ आला, असं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, म्हणतं. परदेशात बसून त्यानं घरी गेल्यावर काय बोलायचं ते जुळवलं. मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मोलकऱ्यांसारखं ठेवा. म्हणजे जुनं नातं संपलं असं धरून तो नव्या अटींवर राहायला निघाला होता. प्रत्यक्षात बापासमोर तो पहिली दोनच वाक्यं बोलतो. मोलकऱ्याचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, कारण बाप त्याआधीच झगा, अंगठी आणि जोडा आणायला सांगतो. मुलगा दूर देशी असतानाही तो मुलगाच होता. तुटली होती ती जवळीक, आणि बापाच्या तोंडी शब्द आहेत ते ‘हरवला होता, सापडला’. सापडणारा स्वतः सापडत नाही, कुणीतरी त्याची वाट पाहत असतं. मथळा शोधायचा तर या क्रियापदांपाशी शोधावा, असं मला मनापासून वाटतं.

तरुण संघाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. चर्चच्या भाषेत हा शब्द परका नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक उपासनेत बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण होतं, आणि तिथं तो चपखल बसतो. मेथडिस्ट परंपरेत जॉन वेस्लीनं १७५५ मध्ये करार नव्यानं करण्याची उपासना सुरू केली. पुढे ती नववर्षाच्या सुमारास घेण्याचा प्रघात पडला. वचन, शपथ, करार माणूस आपल्या तोंडानं देतो, म्हणून तो ते पुन्हा उच्चारू शकतो. शास्त्रात ‘नवीकरण’ही आहे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात ‘मनाच्या नवीकरणाने’ असं येतं. पण तिथं नवं व्हायचं आहे ते मन. करिंथकरांसही पौल लिहितो की बाहेरचा माणूस झिजत असला तरी आतला दिवसेंदिवस नवा होत आहे. ‘करतो आहे’ नाही, ‘होत आहे’.

आता पश्चात्ताप. रोजच्या मराठीत पश्चात्ताप ‘होतो’. त्याला पश्चात्ताप झाला, मला पश्चात्ताप होतोय. राग येतो, भूक लागते, तसा तो माणसावर येऊन पडतो. चर्चच्या मराठीत मात्र पश्चात्ताप ‘करा’ अशी आज्ञा आहे. बाहेरच्या माणसाला हा प्रयोग विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम जपण्यासारखा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन बदलण्यावर आहे, त्यामागच्या हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द तर सरळ ‘मागे फिरणे’ असा आहे. आपल्या पश्चात्तापात ‘ताप’ आहे, मागाहून होणारी जळजळ आहे. ती खरी असते, आणि संतांनी तिला ‘अनुताप’ म्हणून मोठा मान दिला. पण नुसतं जळत राहणं म्हणजे परत येणं नव्हे. नाणी घेऊन येशूला धरून देणाऱ्या यहूदाला आपल्या चुकीची टोचणी लागली, त्यानं नाणीही परत केली, पण तो येशूकडे परत गेला नाही. येशूला नाकारणारा पेत्र रडला आणि परत आला. ‘करा’ या क्रियापदात तो पुढचा भाग आहे: उठा, वळा, चालू लागा.

नागपुरात आपल्याला एक जास्तीची सोय आहे. इथल्या ख्रिस्ती माणसाच्या कानावर मराठीइतकीच हिंदी उपासना पडलेली असते. हिंदी बायबलमध्ये पश्चात्ताप करा याच्या जागी ‘मन फिराओ’ आहे. किती थेट शब्द! मराठीत तसाच घेता येत नाही, कारण ‘मन फिरलं’ म्हणजे आपल्याकडे बेत बदलला. पण मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिलेली नागपूरची बाई काय म्हणते ते ऐका: ‘मी खूप दूर गेली होती, मंग प्रभूकडे वापस आली.’ हे ‘वापस’ पुण्याच्या प्रमाणलेखनात बसणार नाही, पण हिब्रू संदेष्ट्यांच्या शब्दाशी त्याचं जितकं जुळतं तितकं नूतनीकरणाचं कधीच जुळणार नाही. पत्रकावर ‘परत’ छापा, साक्षीत ‘वापस’ राहू द्या. साक्ष सुधारून देण्याचा मोह कुणी करू नये.

‘धर्मांतर’ हा शब्द या विषयात आणू नये, हेही सांगतो. नागपुरात तो उच्चारला की १४ ऑक्टोबर १९५६ आणि दीक्षाभूमी समोर येते, आणि ते योग्यच आहे. आधीच विश्वासात असलेल्या माणसाचं पुन्हा वळणं ही वेगळी गोष्ट आहे.

‘समेट’ हा चर्चचा आवडता शब्द. भांडणानंतरचं जुळणं त्यात आहे, म्हणून तो वजनदार आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया याच नागपुरात स्थापन झालं, त्याला आपण समेट म्हणत नाही, ‘ऐक्य’ म्हणतो. समेटाच्या आधी वैर असावं लागतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, पाचव्या अध्यायात, ‘देवाबरोबर समेट केलेले असे व्हा’ हे वाक्य येतं. तरुणांना ते ओबडधोबड वाटतं आणि ते ‘देवाशी समेट करा’ असं सोपं करतात. ग्रीकमध्ये तिथं कर्मणी आज्ञार्थ आहे. समेट देवानं ख्रिस्ताद्वारे केलेला आहे, आपण तो आपल्यावर होऊ द्यायचा आहे. ‘केलेले असे व्हा’ या अवघड वळणानं नेमकं तेच सांभाळलं आहे. तेव्हा हे वाक्य सोपं करू नका, समजावून सांगा.

माझ्या मते सभांच्या विषयाला सगळ्यांत जवळचा शब्द मात्र ‘अबोला’ आहे. पत्रक ज्यांच्यासाठी आहे त्यातले बहुतेक देवाचे वैरी झालेले नाहीत. रविवारी ते बाकावर असतात, गीतं म्हणतात, प्रभुभोजनही घेतात. फक्त एकांतात बोलणं बंद पडलं आहे. कुणाची प्रार्थना एखाद्या मृत्यूनंतर थांबली, कुणाची नुसतीच कामाच्या रगाड्यात. मराठीत अबोला ‘धरतात’ आणि तो ‘सुटतो’. धरणारे आपण असतो आणि ज्याच्याशी धरला तो घरातलाच असतो. परक्याशी कुणी अबोला धरत नाही. पुढे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपीय प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. त्या टिळकांनी चर्चच्या भाषांतरित भाषेत अभंगाची बोली आणली, ती याच रीतीनं, घरातले शब्द देवघरात नेऊन.

तेव्हा पत्रकाचा मथळा ‘देवाकडे परत येऊ या’ असा ठेवा. खाली बारीक टायपात ‘अबोला सोडण्यासाठी तीन संध्याकाळ’ चालेल. शेवटच्या दिवशी बाप्तिस्म्याची वचनं सगळ्यांनी मिळून म्हणायची असतील, तर कार्यक्रमपत्रिकेत त्या ओळीपुढे ‘वचनांचे नूतनीकरण’ असं खुशाल छापा. तरुण संघाचा शब्द तिथं आपल्या जागी बसतो.