दुधाची नव्हे, कायमची दाढ

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो. माझी मुलगी सात वर्षांची आहे. खालच्या जबड्यात अगदी मागे तिला दोन्ही बाजूंना दाढा आल्या, त्या आल्या तेव्हापासूनच पिवळट-तपकिरी आहेत. एकीचा कोपरा झडलाय, तिथे थोडं काळं दिसतं. फ्रीजचं पाणी लागलं की ती कळवळते, त्या बाजूला ब्रश लावू देत नाही. सासूबाई म्हणतात, "दुधना दात शे, पडी जाई." एका दवाखान्यात दाढ काढून टाका म्हणाले. सुईचं नाव काढलं तरी पोरगी रडते. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी सांगा की ही दाढ पडणारी नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे ती निमूट उगवते. तिच्यासाठी आधीचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरोघरी तिला दुधाची समजतात. धुळ्यात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया हेच म्हणतात, आणि तोवर दाढ निम्मी झडलेली असते. तुम्ही वेळेत विचारलंत.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला एमआयएच, म्हणजे मोलार इन्सायझर हायपोमिनरलायझेशन वाटतं. हे नाव 2001 मध्ये रूढ झालं. या दाढांचं कवच बाळाच्या जन्माच्या आसपास ते तीनेक वर्षांपर्यंत हिरडीच्या आत घडत असतं. त्यात खनिजं कमी बसली तर दाढ येतानाच खडूसारखी ठिसूळ येते, चावताना कोपरे झडतात आणि कीड पटकन शिरते. लहानपणीच्या आजारपणांशी, तापाशी याचा संबंध दिसतो, पण एकच एक कारण नाही. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालं, हे मनातून काढून टाका. बोअरच्या पाण्याची शंका आली असेल तर सांगते : फ्लोराइडचे डाग बहुतेक सगळ्या दातांवर, पुसट कडांचे असतात. हे डाग ठळक कडांचे, याच दाढांवर आणि कधीकधी पुढच्या दातांवर दिसतात.

आता उपचार. कीड वरवर असेल तर सुई आणि मशीनशिवाय बरंच करता येतं. मी पहिल्या भेटीत बहुधा फ्लोराइड व्हार्निशचा लेप लावते. ब्रशने लावायचा, मिनिटभराचं काम, आणि ठणका हळूहळू कमी होतो. काळा पडलेला मऊ भाग असेल तिथे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावतात. त्यातली चांदी जंतू मारते, फ्लोराइड दाताला घट्ट करतं. किडलेला भाग मात्र कायमचा काळा होतो. हे डॉक्टरांनी आधी सांगायलाच हवं. मागच्या दाढेवर तो काळेपणा मी आनंदाने पत्करते, पुढच्या दातावर नाही. मग दाढेच्या खड्ड्यात ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरतात, तेही हातातल्या अवजाराने मऊ कीड खरवडून. सगळी कीड खोलवर कोरून काढायचा हट्ट आता धरत नाहीत, कारण वरून नीट बंद केली की आत राहिलेली कीड उपाशी पडते.

कवच जास्त झडलं असेल तर स्टीलची टोपी बसवतात. आधी काही दिवस दातांच्या फटीत रबरी रिंग ठेवतात आणि टोपी सिमेंटने बसवतात. घास चावताना सुरुवातीला उंच लागतं, काही आठवड्यांत जुळतं. पोर मोठी झाल्यावर ती बदलता येते.

दाढ काढणं कधी योग्य ठरतं? ती फारच खराब असेल तर साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात, एक्स-रे पाहून, मागची दाढ तिच्या जागी सरकेल असा हिशोब करून काढतात. एक कोपरा झडलाय म्हणून सातव्या वर्षी घाईने काढणं मला अजिबात पटत नाही. दुसऱ्या, शक्यतो बालदंतरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि बधिर करायची वेळ आलीच, तर या दाढा नीट बधिर व्हायला त्रास देतात. "दुखतंय" म्हणाली तर लाड समजू नका, थांबायला सांगा.

घरी कोमट पाण्याने ब्रश करा, म्हणजे ती त्या बाजूला हात लावू देईल. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, रात्रीचा ब्रश तुमच्या हाताने, नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ नाही. मशेरी आणि कोळशाची पूड तिच्या दाताला लावायचीच नाही, कितीही प्रेमाने कुणी लावत असलं तरी. मशेरीत तंबाखू असते आणि हे कवच घासून जातं. उन्हाळ्यात माठातलं पाणी द्या. बर्फाचा गोळा आणि दिवसभर चघळायचे बिस्किटाचे पुडे बंद करा.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गालावर सूज किंवा हिरडीवर पुळी दिसली तर हे सौम्य उपचार पुरणार नाहीत, त्याच दिवशी दवाखाना गाठा. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं. त्यांच्या तपासणीत दातही येतात, आणि तिथून मोफत उपचारांसाठी पुढे पाठवतात. बाईंना विचारून ठेवा, ते तुमच्या शाळेत कधी येणार आहेत.